पेपरची भाषा मराठी

माझ्या धाकट्या भावाला एक खोड आहे. कुठल्याही अर्जात 'भाषा' असा रकाना दिसला की त्याची छाती फुगते आणि तो 'मराठी' सांगून मोकळा होतो. जनगणनेला आलेल्या बाईंच्या खांद्यावरून डोकावून त्याने खात्री करून घेतली होती, की त्यांनी चुकून हिंदी तर नाही ना टाकली. आमचे आजोबा विदर्भातून जबलपूरला फॅक्टरीत कामाला आले तेव्हापासून आमच्या घरात मराठी आहे, पण ती फक्त बोलायची. शाळा हिंदी, बाजार हिंदी, शेजाऱ्यांशी भांडण तेही हिंदीत. मी लहानपणी सुट्ट्यांत नागपूरला मावशीकडे राहायचे आणि तिच्याकडे वाचायला फक्त मराठी मासिकं असायची, म्हणून मला मराठी वाचता येतं. भावाला वाचायला दिलं तर तो ओळीखाली बोट ठेवून ओठ हलवत वाचतो. अभिमान मात्र माझ्यापेक्षा दुप्पट.

तो जबलपूरजवळच्या सिहोऱ्याला बी-बियाण्यांच्या दुकानात काम करतो. त्याची मुलगी तेव्हा तिथल्याच एका हिंदी शाळेत पाचवीला होती. पाचवीतल्या पोरांसाठी एक प्रवेश परीक्षा असते. पास झालं की सहावीपासून बारावीपर्यंत सरकारी निवासी शाळा, राहणं-जेवण सगळं तिथंच. जागा एका वर्गापुरत्या आणि बसायला अख्खा जिल्हा. माझ्या भावजयीने ही परीक्षा डोक्यात घेतली होती. तिला स्वतःला विज्ञान शिकायचं होतं, पण माहेरच्या गावात दहावीच्या पुढे शाळाच नव्हती, आणि रोज दुसऱ्या गावी जायला घरच्यांनी परवानगी दिली नाही. "ताई, हिचं तसं नाही झालं पाहिजे," एवढंच ती मला म्हणाली होती. भाचीचं कारण वेगळं होतं. तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं, की तिथं प्रत्येकीला स्वतःचा पलंग मिळतो. घरी ती धाकट्या भावाबरोबर झोपायची आणि तो लाथा मारायचा.

अर्ज भरायला भाऊ ऑनलाइनच्या दुकानात गेला. संध्याकाळी त्याचा मला फोन.

"ताई, फॉर्म भरून टाकला. पेपरची भाषा काय टाकली सांग?"

"हिंदी."

"मराठी!"

मला वाटलं चेष्टा करतोय. म्हटलं, अरे, ती शाळेत सगळं हिंदीत शिकते ना?

"तर काय झालं? मातृभाषा आहे आपली. दुकानवाला भी म्हणे, भैया, यहाँ तो कोई मराठी नहीं भरता. म्या म्हटलं, आजपासून भरते."

"लसावि म्हणजे काय सांग."

"काय?"

"लसावि."

"तू शिव्या काहून देऊन राहिली?"

पाचवीच्या गणितात दोन आकड्यांचा लसावि काढायला लावतात, हिंदीत त्याला लघुत्तम म्हणतात, आणि तुझ्या पोरीने लसावि हा शब्द जन्मात ऐकलेला नाही, हे मी त्याला शक्य तितक्या शांतपणे समजावलं. शक्य तितकं म्हणजे फार नाही. माझा आवाज चढला, मग त्याचा चढला. अर्जात दुरुस्ती करायला काही दिवस दिलेले होते. मी म्हटलं, उद्या जाऊन बदलून ये. तो म्हणाला, काहून बदलू, लाज वाटते का तुले मराठीची? हे ऐकल्यावर मी फोन आपटला. मराठी मासिकं मी वाचायची, दिवाळी अंक नागपूरहून मी मागवायचे, आणि लाज मला वाटते! मी फोन केला नाही, त्यानेही केला नाही. दोघं आपापल्या जागी नाक वर करून बसलो.

दुरुस्तीच्या शेवटच्या दिवशी भावजय नवऱ्याला न सांगता एकटीच त्या दुकानात गेली. "सर्वर डाउन है दीदी, कल आना," दुकानदार म्हणाला. उद्या मुदत उरणार नव्हती. तिने तिथूनच मला फोन केला आणि रडायला लागली. माझं ऑफिस जबलपूरला सिविल लाइन्समध्ये आहे, आणि परीक्षेचं काम पाहणारं ऑफिस तिथून जवळच. मी लगेच गेले. तिथल्या बाबूंनी सगळं ऐकून घेतलं, आता काही होत नाही म्हणून सांगितलं, आणि वर मोठ्या कौतुकाने विचारलं, "मतलब बच्ची सच में मराठी में लिखेगी?"

लिहायचं नव्हतं, पर्यायांचे गोळे काळे करायचे होते. पण त्याआधी प्रश्न वाचायचे होते.

त्या रात्री भावाचा फोन आला. आवाज अगदी खाली आलेला. "ताई, तू शिकवशील का तिले?" मला त्याचा राग होता, आणि मी तो सांगितलाही. मग हो म्हटलं. दुसरं कोण शिकवणार होतं?

ऑफिसातला एकजण नागपूरला सासुरवाडीला निघाला होता. त्याने नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडायच्या आधीच मी त्याला दोनदा फोन करून पुस्तकाची आठवण केली. त्याने या परीक्षेच्या तयारीचं मराठीतलं जाडजूड पुस्तक आणून दिलं. दर शनिवारी शाळा सुटली की भाऊ मुलीला सिहोऱ्याच्या बसने माझ्याकडे आणून सोडायचा आणि रविवारी संध्याकाळी परत न्यायचा.

पोरगी हुशार होती. हिंदीत उदाहरण सांगितलं की माझं बोलणं संपायच्या आत उत्तर तयार. तेच मराठीत छापलेलं पुढे ठेवलं की तिचा चेहरा परक्या घरात आल्यासारखा व्हायचा. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'खालीलपैकी योग्य पर्याय निवडा.' तिने तो प्रश्न सोडून दिला. का, तर खाली लिहिलं आहे, म्हणजे रिकामं ठेवायचं. पुढचा धडा नफा-तोटा. ती बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आत्या, नफा तो समझ गई. ये तोता कौन है?" मी तिला सांगितलं की हा पोपट नाही, हे नुकसान आहे. तिने समजल्यासारखी मान हलवली. पण पुढच्या आठवड्यात तिने वहीत तोटा शब्दापुढे एक छोटासा हिरवा पोपट काढून ठेवलेला होता, आणि त्यानंतर ती त्या शब्दाला कधी अडली नाही. पोपटाने काम होत असेल तर होऊ दे.

गणित तसं सोपं गेलं. बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, परिमिती हे शब्द थोडेच असतात आणि पुन्हा पुन्हा येतात. नाकी नऊ आणले ते उताऱ्यांनी. उतारा वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं निवडायची. तिची घरची मराठी ही चहा, भांडी, आंघोळ, कपडे, पाहुणे एवढ्यातली. शिवाय जे शब्द ओळखीचे वाटत होते तेच दगा द्यायचे. एका उताऱ्यात राजा होता. त्याच्या राज्यात चोर फार झाले. राजाने सगळ्या चोरांना पकडून आणलं आणि कडक शिक्षा दिली. प्रश्न असा, की राजा कसा होता? तिने 'दयाळू' निवडलं.

मी विचारलं, दयाळू कसा?

"सबको पढ़ाया ना," ती म्हणाली. "चोरों को भी शिक्षा दी. और कड़क वाली दी, मतलब अच्छे से पढ़ाया."

मी हसले, इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तीही आधी हसली, मग तिच्या लक्षात आलं की मी तिच्या उत्तराला हसतेय. तिने पेन्सिल खाली ठेवली. "मेरे क्लास में सब हिंदी में दे रहे हैं. मेरे को ही क्यों?" तुझा बाप हट्टी आहे आणि त्याच्याशी भांडण्यात तुझ्या आत्याने दिवस घालवले, हे दहा वर्षांच्या मुलीला कसं सांगणार? मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, तुझं उत्तर माझ्या हिशेबाने बरोबर आहे, फक्त पुस्तकाला ते समजत नाही.

त्यानंतर मी एक शहाणपणा केला. माझ्या घरात पाऊल ठेवलं की फक्त मराठी, असा नियम काढला. पाणी हवं असेल तरी मराठीत मागायचं. मला वाटलं, बोलायला लागली की वाचायलाही येईल. त्या शनिवारी पोरगी बोललीच नाही. मी मराठीत जे सांगेन ते सगळं तिला समजत होतं, सगळं ती करत होती, पण तोंडातून शब्द नाही. लोणचं हवं तर बरणीकडे बोट. रात्री पांघरूण हवं तर हात चोळून दाखवायची. रविवारी दुपारपर्यंत मी हात टेकले आणि विचारलं, हिंदीत सांग, पण सांग, काहून बोलत नाहीस? तेव्हा कळलं, की एकदा नागपूरला लग्नात ती मराठीत काहीतरी बोलली होती आणि तिच्याच वयाच्या तिथल्या मुलींनी तिची नक्कल करून दाखवली होती. तेव्हापासून ती मराठी ऐकायची, उत्तर हिंदीत द्यायची. आम्हाला वाटायचं, हल्लीच्या पोरांचं असंच असतं.

मी नियम काढून टाकला. परीक्षेला बोलावं लागत नव्हतं.

मग आम्ही एक पद्धत बसवली. ती उतारा मराठीत मोठ्याने वाचायची, कारण वाचायला तिला संकोच वाटत नसे, छापलेले शब्द दुसऱ्याचे असतात. वाचून झालं की मला तीच गोष्ट हिंदीत सांगायची. जिथं हिंदी गोष्ट वेडीवाकडी जायची तिथं नक्की एखादा दगाबाज शब्द बसलेला असायचा. मग आम्ही दोघी त्याला शोधून काढायचो. 'आपत्ती' सापडली, तिला वाटलं होतं गावकऱ्यांनी पुराला हरकत घेतली. 'राग' सापडला, आजोबांना राग आला म्हणजे ते गायला बसले नाहीत. 'कष्ट' सापडले, शेतकरी खूप कष्ट करतो म्हणजे त्याला कुठं दुखत नाही. हिवाळा येईपर्यंत तिला हे शोधणं आवडायला लागलं होतं. शब्द पकडला की ती टाळी वाजवायची.

एका रविवारी भाऊ तिला न्यायला लवकर आला आणि आमच्यात बसला. मी त्यालाही एक उतारा दिला. बापलेकीने एकाच वेळी सोडवायचा. मुलीची सगळी उत्तरं बरोबर आली, त्याची दोन चुकली. त्याने पुस्तक उलटून पाहिलं, कुठं छापलं आहे ते वाचलं आणि म्हणाला, "हे पुण्याचं दिसते. आपली मराठी वेगळी आहे." भाची तोंडावर हात ठेवून हसत होती. निघताना चपला घालता घालता म्हणाला, "ताई, चुकलं ना माझं?" मी म्हटलं, चुकलं. आता घरी गेल्यावर तिला रोज एक उतारा मोठ्याने वाचायला सांग, आणि तू ऐकत बस. तो खरंच बसायचा, असं भावजय सांगत होती. दुकानातून दमून आला तरी बसायचा.

परीक्षेच्या दिवशी सकाळी धुकं इतकं होतं की केंद्राची शाळा रस्त्यावरून दिसत नव्हती. फाटकापाशी पोरं, आईबाप, गरम शेंगदाणेवाले. आम्ही तिघं तिला सोडायला आलो होतो. पोरं आत गेल्यावर थोड्या वेळाने एक शिक्षक बाहेरच्या व्हरांड्यात आले आणि ओरडले, "मराठी वाली बच्ची किस रूम में है?" भावजयीने माझा हात घट्ट धरला. भाऊ एकदम ताठ उभा राहिला. आधी मला वाटलं अभिमानाने, मग पाहिलं तर त्याचं तोंड भीतीने पांढरं पडलं होतं. पेपर आलाच नसेल तर? हाच विचार तिघांच्या डोक्यात होता.

पेपर आला होता. भाचीने नंतर सांगितलं, की तिच्या एकटीसाठी वेगळं पाकीट होतं, ते सगळ्यांसमोर फोडलं आणि अख्खा वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. वर्गावरचे सर नंतर बराच वेळ तिच्या मागे उभे राहून तिचा पेपर वाचायचा प्रयत्न करत होते. पेपर गोळा करताना त्यांनी विचारलं, "ये 'एकूण' क्या होता है?"

"मैंने बता दिया," ती म्हणाली. "टोटल."

निकाल उन्हाळ्यात लागला. ती पास झाली. भावाने फोनवर नुसतं 'ताई, ताई' केलं. माझा जीव भांड्यात पडला, आणि खोटं कशाला सांगू, मी ऑफिसात टेबलावर डोकं टेकून रडले. भावाने मात्र दुसऱ्या दिवसापासून सिहोऱ्यात एकेका दुकानात जाऊन सांगितलं, की पोरगी मराठीत पास झाली. भावजय मला हळूच म्हणाली, "ताई, हिंदीत बसली असती तर एवढा जीव टांगणीला नसता लागला." मी म्हटलं, खरं आहे. पण तीही हसत होती.

जुलैत तिला शाळेत सोडलं. लोखंडी पेटी, बादली, दोन चादरी. तिला तिचा पलंग दाखवला तेव्हा तिने त्याच्यावर बसून पाहिलं, मग आडवी होऊन पाहिलं. आम्ही निघालो तेव्हा ती रडली नाही.

होस्टेलमध्ये मुलींना फोन फक्त रविवारी करता यायचा, तोही वॉर्डन दीदींच्या खोलीतून, त्यांच्या मोबाइलवरून. बाकीच्या मुली मागे रांगेत उभ्या. पहिल्या काही रविवारी भाची नेहमीसारखी हिंदीत बोलली. खाना अच्छा है, पढ़ाई अच्छी है, सब अच्छा है. इतकं सगळं चांगलं आहे म्हटल्यावर मला जरा खटकलं होतं, पण मी स्वतःला समजावलं की मुलगी रमली.

मग एका रविवारी मी सिहोऱ्याला भावाकडेच होते. दुपारी तिचा फोन आला. भावाने स्पीकर लावला आणि आम्ही तिघं फोनभोवती बसलो.

"पापा," ती म्हणाली आणि थांबली. मग अगदी सावकाश, एकेक शब्द जपून ठेवत म्हणाली, "पापा, मले घरी यायचं आहे."

तिच्या तोंडून अख्खं मराठी वाक्य आम्ही कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

"काय झालं बेटा?" भावाने विचारलं.

"दीदी बाजूले बसली आहे. म्हणून अशी बोलून राहिली." तिचा आवाज सपाट होता, हवापाण्याचं बोलावं तसा. "इथल्या मोठ्या पोरी मले झोपू देत नाहीत. माझी चप्पल घेतात आणि..." इथं ती अडली. 'लपवतात' हा शब्द तिला येत नव्हता, आणि 'छुपा देती हैं' म्हटलं असतं तर बाजूला बसलेल्या बाईंना आणि मागच्या रांगेला कळलं असतं. आम्हाला तिचा श्वास ऐकू येत होता. "आणि दिसत नाही तिथं ठेवतात. मी रोज पायात काही नाही घालून जेवायले जाते. कोणाले सांगू नका. तुम्ही या."

मागून एक बाईचा आवाज आला, "इतनी देर से क्या बोल रही हो घरवालों को?"

"कुछ नहीं दीदी," भाची स्वच्छ हिंदीत म्हणाली. "पापा पूछ रहे थे खाना कैसा है. मैंने बोला बहुत अच्छा है."

फोन बंद झाला. भाऊ तो तसाच तळहातावर धरून बसला. त्याचे डोळे भरून आले होते. "ताई," तो म्हणाला, "सगळं मराठीत बोलली."

भावजय कधीच उठली होती. दाराशी पदर खोचत तिने त्याच्याकडे पाहिलं.

"काय बोलली, ते ऐकलं का तुम्ही?" ती म्हणाली, आणि गाडीची वेळ विचारायला बस स्टँडकडे निघाली.